गात दिलेला वजीर

पट्टी लाल झाली तेव्हा गिरिजा लोवलेकरचं बोट अजून प्याद्यावरच होतं.

खेळी साधी होती. कडेचं प्यादं, एक घर पुढे. पण पुण्यातल्या त्या हॉलमध्ये चाळीस पट मांडले होते आणि त्यातल्या एकाच खेळाडूच्या कानशिलावर मसुराएवढा लाल दिवा लागला होता. मुख्य पंच सोनटक्के आले, घड्याळ थांबवलं आणि खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "बाई, परकी खेळी दाखवतंय."

"परकी म्हणजे?"

"म्हणजे तुमची नव्हे. कुणीतरी सांगितलेली."

"प्यादं मी ढकललं, सोनटक्के. तुम्ही मागेच तर उभे होतात."

"ढकललं तुम्हीच हो! सुचलं कुणाला, एवढाच प्रश्न आहे."

समोरच्या खेळाडूने तक्रारीच्या कागदावर सही केली. सगळेच करतात. फुकटचा गुण कोण सोडेल? गिरिजाच्या नावापुढे शून्य पडलं आणि एक लाल नोंद. एका हंगामात दुसरी लाल नोंद झाली, की दोन वर्षं बंदी.

हे पट्टीचं प्रकरण सुरू झालं त्याला तीन वर्षं झाली होती. आधी दातात बसवायचे रिसीव्हर आले. नंतर कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढे. हॉलबाहेरचा संगणक खेळी शोधायचा आणि आतल्या खेळाडूला कवटीच्या हाडातून ती ऐकू यायची. झडतीत काही सापडेना. राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेले दोघं पुढे कबुलीजबाब देऊन मोकळे झाले आणि बुद्धिबळाची पार लाज गेली. तेव्हा मंडळाने ठरवलं, अंग तपासण्यात अर्थ नाही, विचारच तपासायचा. दोन्ही कानशिलांना धरून डोक्यामागून जाणारी ही पातळ पट्टी तेव्हापासून आली. राज्याच्या स्पर्धांना ती यंदाच लागू झाली होती. दिवा हिरवा म्हणजे खेळी खेळाडूची. पिवळा म्हणजे शंका. लाल म्हणजे परकी.

गिरिजा चव्वेचाळीस वर्षांची. देवरुखच्या शाळेत गणित शिकवायची आणि तिथल्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात कीर्तन करायची. राज्य अजिंक्यपदाच्या स्पर्धेत तीन वेळा दुसरी आली होती. पहिली एकदाही नाही.

त्या संध्याकाळी ती भावाच्या घरी उतरली. तिचा धाकटा भाऊ श्रीरंग पुण्यातच, पट्टी बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. पट्टीतलं शिकणारं यंत्र ज्या पाच जणांनी घडवलं, त्यातला तो एक. आणि देवळातल्या उत्सवात ताईच्या मागे पेटीला बसायलाही तोच. त्याने तिच्या डावाची नोंद पडद्यावर उघडली.

"ताई, हा मेंदूचा मागचा भाग. डोळ्यांनी बघितलेलं जिथे पोचतं तो. चांगला खेळाडू डोळे मिटूनही पट बघतो, म्हणून विचार करताना हा जागा असतो. आणि ही रेघ बघ. माणूस चार खेळ्या तोलत असतो ना, तेव्हा प्रत्येकीची एक रेघ वर चढते, अडखळते, खाली येते. त्यातली एक ठरावीक उंची ओलांडते. मग हात हलतो. ही चढण म्हणजे विचाराचा माग."

"आणि सांगितलेली खेळी?"

"तिला चढण नसते. कान जागा होतो आणि लगेच हात हलतो. पट्टी एवढंच बघते. डोळा आणि चढण असली तर हिरवा, नुसता कान असला तर लाल."

"मग माझं काय?"

श्रीरंगने तिची रेघ मोठी केली. "तुझी चढण आहे, पण अगदी बारीक. कानाचा भाग मात्र दिवाळीसारखा उजळलाय. कुणाचं ऐकत होतीस?"

"माझंच. गाते ना मी!"

श्रीरंगला हे ठाऊक होतं. घरात कुणाला ठाऊक नव्हतं? त्यांचे वडील दत्तात्रयबुवा, घरातले आबा, कीर्तनकार. गिरिजा सात वर्षांची असताना एका जागी बसेना, म्हणून त्यांनी तिला एकदमच दोन गोष्टी शिकवायला घेतल्या. सकाळी कीर्तनातल्या साकी-दिंडीच्या चाली आणि दुपारी पट. मुलीने दोन्हींची सरमिसळ करून टाकली. समोरच्याला एकच उत्तर शक्य असेल, तर ती खेळी आणि ते उत्तर मिळून एक चरण. समोरच्याला दोन वाटा असतील तिथे ध्रुपद. कीर्तनात अंतरा संपला की ध्रुपदावर परत यायचं आणि तिथून पुढचा अंतरा उचलायचा, तशीच ती एक वाट गाऊन संपवायची, फाट्यावर परत यायची, दुसरी वाट उचलायची. हिशेब चुकला तर मात्रा कमी पडायची, चाल लंगडायची. मग तिला कळायचं, वाटेत एखादा शह आपण विसरलोय. वडील गेले त्याला नऊ वर्षं झाली होती. चाल अजून चुकत नव्हती.

"मग तुझ्या यंत्राला सांग, ही बाई गाते म्हणून," गिरिजा म्हणाली.

"यंत्राला सांगता येत नाही गं. शिकवावं लागतं. तीन हजार खेळाडूंच्या नोंदींवरून ते शिकलंय. परत शिकवायचं तर मंडळाची परवानगी, नवे नमुने, चाचण्या. दोन वर्षं धरून चाल."

"तोवर मी काय करू?"

"तोवर तू शीक," श्रीरंग म्हणाला. "डिसेंबरात सांगलीला अजिंक्यपद आहे. यंदा तुझा खेळ कधी नव्हे इतका चांगला होतोय ताई. मी सरावाची पट्टी देतो. गाणं सुरू झालं की ती टोचेल. टुक् असा आवाज करेल. चार महिन्यांत सवय होते. आमच्याकडे बऱ्याच जणांना झाली."

तिने पट्टी घेतली. तीन वेळा दुसरं आलेल्या माणसाला चार महिने म्हणजे काहीच नाही.

रोज शाळेआधी तासभर ती पट घेऊन बसे. घोडा इथे, टुक्. उंट तिथे, टुक्. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, डोक्यात कुणी खिळे ठोकतंय. मग ती चाल सुरू व्हायच्या आत मान झटकायला शिकली. मग मान झटकायचीही गरज उरली नाही. पट दिसू लागला, लख्ख आणि कोरडा, एखाद्या नकाशासारखा. पट्टी हिरवी राहू लागली. कराडच्या स्पर्धेत ती सात फेऱ्या हिरवीच खेळली आणि दुसरी आली. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही हल्ली फळ्यावर लिहिताना गुणगुणत नाही?" गिरिजा म्हणाली, "त्रैराशिक कुणी गात नाही, बैस खाली." पोरगी बसली, पण नवलाने बघतच राहिली. बाई इतकी वर्षं त्रैराशिकच गात आल्या होत्या.

कार्तिकात देवळाचा उत्सव आला. श्रीरंग पेटीला, गावातलेच बर्वेमास्तर तबल्याला. गिरिजा नऊवारी नेसून, कपाळी बुक्का लावून, झांज हातात घेऊन उभी राहिली. पूर्वरंग छान झाला. तो पाठच होता. मध्यंतराचा नामगजर झाला, तिला हार घातला गेला आणि उत्तररंगाला तिने हत्ती आणि मगरीचं आख्यान लावलं. हत्ती सरोवरात उतरतो, मगर पाय धरते, हजार वर्षं ओढाताण चालते. बरोबरचा कळप कंटाळून निघून जातो. शेवटी हत्ती सोंडेत एक कमळ धरून वर करतो आणि देवाला हाक मारतो.

ती हाक गिरिजाने कधी पाठ केली नव्हती. ती दर वेळी वेगळी यायची. कधी आर्येत, कधी नुसत्या आलापात. गावातली माणसं त्या एका जागेसाठी यायची. बर्वेमास्तर तिथे हात आवरून बसायचे, कारण बाई कुठल्या तालात येतील याचा नेम नसे.

तिने झांज छातीशी धरली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

टुक्.

डोक्याला पट्टी नव्हती. आवाज आतूनच आला होता.

तिने पुन्हा श्वास घेतला. टुक्. समोर हत्ती दिसत होता, कमळ दिसत होतं, पाण्यावरचा तवंगसुद्धा दिसत होता. ऐकू काही येत नव्हतं. श्रीरंगने सा दिला. पुन्हा दिला. पुढच्या ओळीतल्या एक आजी म्हणाल्या, "गिरिजे, पाणी देऊ का गं?" कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. तिने हात जोडले, आख्यान तिथेच सोडलं आणि आरती घ्यायला सांगितलं.

माणसं प्रसाद घेऊन गेली. सभामंडपात दोघंच उरली. श्रीरंग पेटीचा भाता बंद करत होता.

"हत्ती अजून पाण्यातच आहे," गिरिजा म्हणाली.

"ताई, दमली असशील. चार महिने ताण..."

"श्री, एक विचारते. खरं सांग. तुमच्या त्या तीन हजारांत गुणगुणणारे किती होते?"

पेटीच्या झाकणावरून उगाच हात फिरवत तो म्हणाला, "दोनशे चौदा."

"मग यंत्र त्यांच्यावरून का नाही शिकलं?"

"मी ते नमुने काढून टाकले."

"तू?"

"नमुने साफ करायचं काम माझ्याकडे होतं. कुणी जबडा हलवला, कुणी खोकलं, ते सगळं निरुपयोगी म्हणून काढायचं. गुणगुणणंही त्यातच टाकलं. मला एकदाही शंका आली नाही ताई. बाकीच्या चौघांनी विचारलंसुद्धा, की हे एवढे जण गुणगुणतायत, बघूया का? मीच म्हणालो, अहो ते काही नसतं. आमच्या घरात दिवसभर चालू असतं, विचाराशी त्याचा संबंध नाही." त्याने मान खाली घातली. "लहानपणापासून तुझं ऐकत आलो ना. पंखा चालू असावा तसं ते कानावर पडायचं."

गिरिजाला हसू आलं. रागाचंच, पण हसू. "आबांच्या पोराने साक्षात गाण्याला पंखा ठरवला!"

"मी दुरुस्त करीन. पण दोन वर्षं लागतील, ते खरंय. तोवर कृपा करून लाल होऊ नकोस. दुसरी नोंद झाली तर सेहेचाळिसाव्या वर्षी परत यायचं, आणि लोक पाठीमागे चोर म्हणणार. सांगलीला फक्त हिरवी राहा. मग गा हवं तेवढं."

"हत्तीला काय सांगू, दोन वर्षं थांब?"

तिने सरावाची पट्टी त्याच्या पेटीवर ठेवली आणि घरी गेली.

सांगलीची स्पर्धा नऊ फेऱ्यांची होती. गिरिजा सराव सोडून आली होती, पण चार महिन्यांची सवय अशी जात नाही. पट अजून मुकाच होता. कोरडी मोजणी करत, वजिरांची अदलाबदल करत, लांबलचक शेवटांत कधी अर्धा, कधी पूर्ण गुण मिळवत ती पुढे सरकत राहिली. आठ फेऱ्यांनंतर ती एकटी पहिली होती. शेवटच्या फेरीत बरोबरी पुरेशी होती.

समोर नागपूरची नूपुर वासनिक, वय एकोणीस. राज्यातली सगळ्यात तिखट खेळाडू. ती जिंकली तर अजिंक्यपद तिचं होणार होतं. बसताना ती म्हणाली, "काकू, आज बरोबरी मागू नका हं, मी देणार नाही."

"मागितली कुणी?"

"तुमचे आठ डाव बघितले. झोप येते."

"मलाही येते," गिरिजा म्हणाली.

पंच पुन्हा सोनटक्केच होते. श्रीरंग काचेपलीकडच्या खोलीत, चाळीस पट्ट्यांच्या पडद्यासमोर बसला होता.

डाव जोरात सुरू झाला. नूपुर काळ्या सोंगट्यांनी बचाव करणारी नव्हेच. तिने वजिराच्या बाजूला हल्ला चढवला आणि आपला राजा दोन प्याद्यांच्या आडोशाला जवळपास एकटा ठेवला. बाविसाव्या खेळीला गिरिजासमोर दोन वाटा आल्या.

पहिली सरळ होती. वजिराला वजीर भिडवायचा. नूपुरला मारावाच लागला असता, मग उरणारे हत्ती सारखे, प्यादी सारखी. तासाभरात बरोबरी आणि अजिंक्यपद. तिने ती वाट कोरडी मोजली. चोख होती. कानशिलावर हिरवा दिवा शांत होता. तिने वजिराकडे हात नेला.

आणि हात मागे घेतला. कारण तेवढ्यात तिला दुसरं काहीतरी ऐकू आलं.

एच-सातवरचं प्यादं. वजिराने ते घ्यायचं आणि शह द्यायचा. राजा वजीर मारणार, त्याला पर्यायच नाही. हा पहिला चरण. मग घोडा बाजूला होतो आणि त्याच्याआडचा उंट उघडा पडतो. दुहेरी शह, राजाला घर सोडून पुढेच यावं लागतं. दुसरा चरण. टुक्, असं आत वाजलं. तिने ते वाजू दिलं. तिसरा चरण. प्याद्याचा शह, राजा आणखी पुढे. चाल साकीची होती, वडिलांची, जरा खालच्या पट्टीतली. टुक्. वाज, म्हणाली ती मनात, वाज हवं तेवढं, मला तालालाच लागतोस. पाचव्या चरणाशी नूपुरला दोन वाटा होत्या. ध्रुपद. डावी वाट गाऊन पाहिली, तिथे राजा तीन खेळ्यांत मरतो. ध्रुपद. उजवी वाट लांब होती. काळा राजा आपल्या घरापासून पटाच्या पार मध्यापर्यंत चालत येतो, भोवती त्याचेच मोहरे नुसते बघत उभे राहतात, आणि नवव्या चरणाला एक पांढरं प्यादं एक घर पुढे सरकतं. मात.

मात्रा पुऱ्या होत्या. कुठेही चाल लंगडत नव्हती.

दिवा पिवळा झाला होता. तिला तो दिसत नव्हता, पण नूपुरच्या नजरेवरून कळलं. काचेपलीकडे श्रीरंग उभा राहिला होता आणि दोन्ही हातांनी, खाली, खाली, अशी खूण करत होता. लहानपणी ती कीर्तनात फार वरच्या पट्टीला गेली की तो पेटीवरून अशीच खूण करायचा.

अजिंक्यपद इथे, पटावरच होतं. हात लांब करायचा आणि वजिराला वजीर भिडवायचा. तिला वाटलं, तसं केलं तर कुणीही दोष देणार नाही. फक्त ही चाल, जी चार महिन्यांनी परत आली होती, ती यापुढे येईलच याची हमी कोण देणार? आज आलेलीला दारातूनच परत पाठवली, तर उद्या कुठल्या तोंडाने बोलवायची?

तिने वजीर उचलला आणि एच-सातवरचं प्यादं मारलं. "शह," ती मोठ्याने म्हणाली. हल्ली शह कुणी तोंडाने सांगत नाही.

दिवा लाल झाला.

सोनटक्के धावतच आले. घड्याळ थांबवलं. "बाई, काय केलंत हे? बरोबरी पुरत होती तुम्हाला! उठा आता."

"नाही उठणार."

"लाल आहे."

"असू दे लाल. नियम वाचा. समोरच्याने तक्रार केली तर डाव थांबतो. केलीय का तिने?"

सोनटक्क्यांनी कागद नूपुरसमोर ठेवला, पेन ठेवलं. "कर बाळ सही. औपचारिकता असते. अजिंक्यपद तुझं."

नूपुरने पेन उचललं नाही. ती पटाकडे बघत होती. "सही नाही केली तर?"

"तर... तर डाव चालू राहतो. पण असं कुणी करत नाही. नोंद लागतेच, बंदी लागतेच त्यांना."

"एक मिनिट थांबा ना. वजीर फुकट देतायत ह्या. काहीतरी असणार." ती आपल्या राजाकडे, मग उंटाकडे बघत राहिली. "घोडा हलला की दुहेरी शह. मग मी पुढे येते. मग?"

"मग काय होतं ते सांगू का?" गिरिजा म्हणाली. "गाऊन दाखवते."

"गप्प बसा काकू! सांगू नका!" नूपुर इतक्या जोरात म्हणाली, की शेजारच्या पटांवरची माणसं वळली. "मला शोधू दे. आणि नाही सापडलं तर बसून बघीन मी. पेपरात वाचायचं का, की कुणीतरी वजीर दिला होता आणि मी घाबरून कागदावर सही केली?" तिने कागद सोनटक्क्यांकडे सरकवला. "घड्याळ लावा, सर."

घड्याळ लागलं. काळ्या राजाने वजीर मारला.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. घोडा हलवताना गिरिजाच्या घशातून चाल बारीक आवाजात बाहेर पडली. सोनटक्के म्हणाले, "शांतता." ती म्हणाली, "बरं," आणि आणखी हळू गुणगुणत राहिली. राजा पुढे आला. प्याद्याचा शह, तो आणखी पुढे आला. शेजारचे डाव थांबले नव्हते, पण त्यातले खेळाडू आपापली खेळी करून इथे येऊन उभे राहू लागले. फाट्यावर नूपुरने वीस मिनिटं घेतली. ओठ चावत होती, मधेच स्वतःशीच हसत होती. मग तिने उजवी, लांब वाट घेतली.

"डावी तीनच खेळ्यांची होती," ती पुटपुटली. "मरायचंच तर फिरून मरते."

काळा राजा पटाच्या मध्यावर आला. एवढ्या दूर आलेला राजा तिथे जमलेल्यांपैकी कुणी पाहिला नव्हता. मात व्हायला एक खेळी उरली होती आणि ती आता सगळ्यांना दिसत होती. अशा वेळी डाव सोडायचा रिवाज आहे. नूपुर खुर्चीत टेकून बसली आणि म्हणाली, "नाही सोडत. करा पुरं. मला बघायचंय."

गिरिजाने प्यादं एक घर सरकवलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण लाल दिव्यापुढे टाळ्या वाजवायच्या का ते कुणालाच माहीत नव्हतं. नूपुरने नोंदवहीत निकाल लिहिला, पांढरं विजयी. खाली सही केली आणि हात पुढे केला. "काकू, हे फार सुंदर होतं हो. मला फार राग आलाय."

"येऊ दे," गिरिजा तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली.

नंतर मंडळाच्या खोलीत बोलावलं. टेबलाच्या पलीकडे सोनटक्के. गिरिजाच्या बाजूला श्रीरंग येऊन उभा राहिला, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र हातात काढून घेतलेलं. त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं, की यंत्राचे नमुने साफ करताना चूक झाली, चूक त्याची स्वतःची आहे, गुणगुणणारे दोनशे चौदा जण त्याने फेकून दिले, आणि ही खेळी ताईचीच आहे हे तो लिहून द्यायला तयार आहे.

"द्या ना लिहून," सोनटक्के म्हणाले. माणूस वाईट नव्हता. थकला होता. "मंडळ बघेल. सहा महिने, वर्ष, जेव्हा बैठक होईल तेव्हा. शिवाय बाईंचे तुम्ही भाऊ. लोक काय म्हणतील तेही बघा. आज माझ्यापुढे दुसरी लाल नोंद आहे. पद रोखून धरावं लागेल, बंदीही लागेल. पण बाई, एक मार्ग आहे. हा फॉर्म. मदत घेतल्याचं मान्य केलंत तर दोन वर्षांचे सहा महिने होतात. पुढच्या हंगामात खेळाल. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

गिरिजाने फॉर्म वाचला. छापील होता, सुबक. पहिला रकाना, स्पर्धेचं नाव. दुसरा, फेरी. तिसरा, खेळी क्रमांक. चौथा, खेळी ज्याने सुचवली त्याचं पूर्ण नाव आणि पत्ता.

"पेन द्या," ती म्हणाली.

श्रीरंगने तिच्याकडे बघितलं. "ताई, नको गं..."

सोनटक्क्यांनी पेन दिलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. तिने पहिले तीन रकाने भरले. बाविसावी खेळी, वजीर घेतो एच-सात. चौथ्यापाशी थांबली नाही. शाळेच्या दाखल्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात लिहिलं आणि कागद फिरवून त्यांच्यापुढे केला.

सोनटक्क्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. गिरिजा दत्तात्रय लोवलेकर, लक्ष्मीनारायण मंदिराशेजारी, देवरुख, जिल्हा रत्नागिरी.

"अहो बाई, इथे सांगणाऱ्याचं नाव लिहायचं असतं."

"तेच लिहिलंय."

"याने दोन वर्षं पक्की होतील!"

"होऊ देत," गिरिजा म्हणाली. तिने कानशिलावरची पट्टी काढली आणि कागद उडू नये म्हणून त्यावर ठेवली. "पत्ता नीट उतरवून घ्या. बंदीचं पत्र तिथेच येऊ दे."